कार्बुरेटर बसवून देतो, सर

गेल्या मे महिन्यात सोलापुरातल्या तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच सल्ला दिला. पहिला आमच्या मोहल्ल्यातला गॅरेजवाला उस्ताद, दुसरा शाळेतला सहकारी, तिसरा माझा चुलतभाऊ. तिघांचं म्हणणं असं, की अब्बांच्या मारुती ८०० मधलं ते इंजेक्शनचं झंझट काढून टाका आणि साधा कार्बुरेटर बसवा. गाडी आयुष्यभर त्रास देणार नाही.

हा लेख त्या सल्ल्याच्या विरोधात आहे. गाडी माझी आहे, म्हणून सुरुवात गाडीपासून करतो. पण मला बोलायचंय ते फक्त गाडीबद्दल नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अब्बांनी ही गाडी २००५ च्या शेवटी निवृत्तीच्या पैशातून घेतली. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. तोवर देशात पंचवीस लाखांहून जास्त ८०० विकल्या गेल्या होत्या. आज ती रस्त्यावर दिसली की लोक वळून बघतात, पोरं सेल्फी काढतात, शौकीन मंडळी तिचे जुने दिवे आणि व्हीलकॅप शोधत फिरतात. सरकारी नियमाप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांची लागते. आमच्या घरात मात्र ती कधीच क्लासिक झालेली आहे. अब्बा गेले, गाडी राहिली. तिच्या डिकीत अजून त्यांची छत्री आहे.

तर ही गाडी मे महिन्यात बिघडली. सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये चालू. दहा किलोमीटर गेलं, इंजिन तापलं, की सिग्नलला बंद. परत चालू व्हायला तयार नाही. पेट्रोलचा वास, मागून काळा धूर, आणि अठराचं अ‍ॅव्हरेज अकरावर. उस्तादांनी प्लग काढले, काजळीनं काळे. साफ करून बसवले, चार दिवसांत पुन्हा काळे. एका ओळखीच्या माणसाकडून स्कॅनर मागवला, तर स्कॅनर म्हणाला 'नो फॉल्ट'. मग उस्तादांनी हात पुसले आणि म्हणाले, "मास्तर, इसका भेजा गया. कम्प्युटर मिलता नहीं. कार्बुरेटर डाल देते, बारा हजार में टिपटॉप."

उस्ताद लबाड नाहीत. चाळीस वर्षं झाली, नुसत्या आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगणारा माणूस आहे. अब्बांच्या गाडीला त्यांनी स्वतःच्या गाडीसारखं जपलं. म्हणूनच त्यांचं हे वाक्य मला टोचलं. एवढा जाणता माणूस बिघाड न शोधताच यंत्रणा फेकायला निघाला होता, आणि आजूबाजूचे सगळे माना डोलावत होते.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो. सवयच आहे, माफ करा.

पेट्रोल नीट जळायला ठरावीक प्रमाणात हवा लागते. वजनाच्या हिशेबानं शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग. हे मिश्रण कोण बनवणार, एवढाच प्रश्न आहे. कार्बुरेटर ते हवेच्या ओढीवर बनवतो. हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, वर खेचलं जातं. वाटी भरली की आतला फ्लोट वर येतो आणि सुई पेट्रोल बंद करते. सुंदर कल्पना आहे. शंभराहून जास्त वर्षं जगातल्या गाड्या तिच्यावर चालल्या. पण तिला बाहेरचं काही कळत नाही. थंडी असेल तर तुम्ही चोक ओढायचा. गाडी महाबळेश्वरला चढली, हवा विरळ झाली, तरी जेटचं भोक तेवढंच राहतं, पेट्रोल जास्त पडतं आणि गाडी दमते.

इंजेक्शनमध्ये हे काम मोजून होतं. मॅनिफोल्डमधला दाब किती, आत येणारी हवा किती गरम, इंजिनचं पाणी किती तापलंय, पायाखालचं अ‍ॅक्सिलरेटर किती उघडलंय, हे वेगवेगळे सेन्सर सांगतात. कॉम्प्युटर त्यावरून ठरवतो की इंजेक्टर सेकंदाचा कितवा भाग उघडा ठेवायचा. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर उलटी खबर देतो, की बाबा जास्त झालं किंवा कमी झालं. मग कॉम्प्युटर स्वतःला दुरुस्त करतो. म्हणजे आधीचा कारागीर अंदाजपंचे मीठ टाकायचा, आणि हा चाखून टाकतो.

आता 'इंजेक्शन काढून कार्बुरेटर' म्हणजे नेमकं काय काढायचं? लोकांना वाटतं एक डबा काढला, दुसरा बसवला. तसं नसतं. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला इलेक्ट्रिक पंप अडीच-तीन बार दाबानं पेट्रोल पाठवतो. कार्बुरेटरच्या वाटीला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा दाब पुरतो. तोच पंप तसाच ठेवला तर फ्लोटची सुई त्या दाबापुढे टिकत नाही, वाटी ओसंडते आणि पेट्रोल गरम इंजिनवर सांडतं. पुढे काय होऊ शकतं ते सांगायला नको. म्हणजे पंप बदला. इनलेट मॅनिफोल्ड बदला. पुढचं त्याहून अवघड. या गाडीत स्पार्क कधी पडायचा हेसुद्धा कॉम्प्युटरच ठरवतो. कॉम्प्युटर काढला की स्पार्कची वेळ पुढे-मागे करणारा जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर हवा. तो भंगारातून आणायचा, त्याच्या स्प्रिंगा ढिल्या, व्हॅक्यूमचा पडदा फाटका. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोजून दिलेल्या मिश्रणावर जगतो. त्याला जास्तीचं पेट्रोल मिळालं की तो तापून निकामी होतो. मग तोही कापायचा आणि साधा पाइप जोडायचा. म्हणजे बारा हजारांत आपण एक यंत्रणा मोडतो आणि तिच्या जागी तीन भंगारांची गाठ मारतो.

कायद्याचं बोलू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. लोक म्हणतात, "बॉनेट उघडून कोण बघतंय?" ठीक. पण पीयूसी तर काढायची ना? भारत स्टेज-२ आणि स्टेज-३ च्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्याच्या आत लागतो. त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्क्यांची मोकळीक आहे. माझी गाडी २००५ ची, म्हणजे तिला ०.५ चीच मर्यादा. भंगारातला कार्बुरेटर आणि कापलेला कन्व्हर्टर घेऊन ही मर्यादा गाठायची म्हणजे एकतर मिश्रण इतकं पातळ करायचं की गाडी झटके देईल, नाहीतर पीयूसीवाल्याच्या हातात नोट ठेवायची. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते. माझ्यासारख्यानं दर वेळी ही नोट घेऊन उभं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना प्रामाणिकपणावर निबंध द्यायचा?

तिसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर जे मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास पुरते. जुन्या पेट्रोलसाठी पाडलेल्या जेटमधून हे नवं पेट्रोल गेलं की मिश्रण पातळ होतं, गाडी गरम चालते, पिकअप मरतो. कार्बुरेटरला हे कळायला मार्ग नाही. जेट बदलावा लागतो. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी निदान आपल्या मर्यादेत सावरून घेते. रबराच्या नळ्या, ओ-रिंगा इथेनॉलनं दोन्हीकडच्या खराब होतात, हे खरं. माझी २००५ ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही, हेही खरं. पण पेट्रोल बदलत असताना बदल ओळखणारी यंत्रणा काढून न ओळखणारी बसवायची, यात शहाणपण कुठलं?

आता समोरच्यांची बाजू. ती पूर्ण ऐकली पाहिजे, कारण त्यातलं सगळंच खोटं नाही.

ते म्हणतात, कार्बुरेटर रस्त्यात कुठेही दुरुस्त होतो. अक्कलकोटच्या रस्त्यावर रात्री गाडी बंद पडली तर एक स्क्रू ड्रायव्हर आणि फुंकर पुरते. मान्य. मी स्वतः अब्बांबरोबर मामूंच्या फियाटचा जेट फुंकून गाणगापूरच्या पुढे गेलोय. पण आम्ही तेव्हा किती वेळा बॉनेट उघडायचो हे कोणी सांगत नाही. पावसाळ्यात, हिवाळ्यात, दर दोन-तीन महिन्यांनी 'ट्यूनिंग'. चटकन दुरुस्त होणं आणि वारंवार दुरुस्तीला येणं या दोन गोष्टींची आपण आठवणीत एकच पुरचुंडी बांधली आहे.

ते म्हणतात, कॉम्प्युटरचे पार्ट मिळत नाहीत. अर्धं खरं. नवा कॉम्प्युटर मिळणं अवघड आहे, पण भंगारात निघालेल्या ८०० चे चालू कॉम्प्युटर मिळतात. बरं, चांगला कार्बुरेटर तरी कुठे मिळतो? मिळतात ते झिजलेले, थ्रॉटलच्या दांड्याशी हवा खेचणारे. तो कितीही सेट केला तरी आयडलिंग एकजागी राहत नाही.

ते म्हणतात, क्लासिक गाडीला कार्बुरेटरच शोभतो. हे मात्र मी अजिबात मान्य करत नाही. पद्मिनीला शोभतो, १९८६ च्या ८०० ला शोभतो, कारण त्या तशाच जन्मल्या. त्यांना कोणी इंजेक्शन बसवायला निघाला तर त्यालाही मी हेच म्हणेन. गाडी ज्या रूपात घडली ते तिचं क्लासिकपण. २००५ च्या गाडीला १९८६ चा मुखवटा घालणं हा जुन्याचा आदर नाही. आपल्याला समजत नाही ते लपवायचा तो उपाय आहे.

आणि असला उपाय फक्त आमच्या गल्लीत होतो असंही नाही. इंजेक्शनला कंटाळून कार्बुरेटरकडे पळण्याचा इतिहास इंजेक्शनएवढाच जुना आहे. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीनं 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा काढली. १९५८ साली क्रायसलरनं ती आपल्या निवडक गाड्यांवर बसवली, सगळ्या मिळून तीन डझनांच्या आसपास. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखालची उष्णता आणि हादरे सोसणारे नव्हते. गाड्या बिघडल्या. कंपनीनं बहुतेक गाड्या परत बोलावून त्यांना कार्बुरेटर बसवून दिले. 'साहेब, कार्बुरेटर बसवून देतो' हे वाक्य त्यांच्या तोंडी आमच्या उस्तादांच्या कितीतरी आधी आलं.

पण पुढे काय झालं ते बघा. बेंडिक्सचे पेटंट जर्मनीच्या बॉश कंपनीकडे गेले. बॉशनं ती कल्पना टाकली नाही. कुठे चुकतंय ते शोधलं, आणि १९६७ मध्ये 'डी-जेट्रॉनिक' आणलं. जर्मनमध्ये दाबाला 'ड्रुक' म्हणतात, त्यातला हा 'डी', कारण यंत्रणा मॅनिफोल्डचा दाब मोजून चालायची. ती आधी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० वर आली आणि मोठ्या संख्येनं बनलेल्या गाडीवरचं पहिलं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन ठरली. एकानं बिघाड बघून यंत्रणा उतरवली, दुसऱ्यानं बिघाड बघून यंत्रणा शिकली. आज जगातल्या पेट्रोल गाड्या कोणाच्या वाटेनं चालतात ते सांगायची गरज नाही.

त्या फोक्सवॅगनचंही पुढे तेच झालं. कितीतरी मालकांनी डी-जेट्रॉनिक उपटून कार्बुरेटर लावले, कारण गल्लीतल्या मेकॅनिकला ते कळत नव्हतं. १९५७ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटवर मेकॅनिकल इंजेक्शन होतं, तेही अनेकांनी काढून टाकलं. आज मूळ इंजेक्शनसकट टिकलेली कॉर्व्हेट कार्बुरेटरवालीपेक्षा कितीतरी महाग विकली जाते, आणि डी-जेट्रॉनिकचे जुने दाबाचे सेन्सर लोक शोधून शोधून दुरुस्त करवून घेतात. ज्यांनी तेव्हा ती यंत्रणा भंगारात टाकली, त्यांचीच पुढची पिढी आता भंगारात हात घालून ती शोधते आहे.

आता माझ्या गाडीचं काय झालं ते सांगतो.

उस्तादांच्या गॅरेजमध्ये माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. आठवी झाली आणि शाळा सुटली. शिक्षण हक्क कायद्यानं तेव्हा आठवीपर्यंत कोणाला नापास करता येत नव्हतं. आम्ही शिक्षक त्याला ढकलगाडी म्हणायचो. हा मुलगा त्या ढकलगाडीतून आठवीपर्यंत आला आणि तिथून थेट खऱ्या गाड्या ढकलायला गेला. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे 'लक्ष देत नाही' असा शेरा आहे. तो शेरा मी लिहिलेला आहे.

उस्ताद नमाजला गेले होते. हा मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, स्कॅनरमध्ये फॉल्ट नव्हता, पण एक आकडा विचित्र होता. इंजिन तापलेलं होतं आणि तो टेम्परेचर बारा दाखवत होता."

सोलापूरचा मे महिना. बॉनेटवर अंडं शिजेल एवढं ऊन. आणि गाडीचा कॉम्प्युटर समजत होता की इंजिन बारा अंशांवर आहे. त्या बिचाऱ्याला कोणीतरी सांगत होतं, थंडी आहे, थंडी आहे, आणि तो इमानानं जास्तीचं पेट्रोल ओतत होता. भेजा गेलेला नव्हताच. भेज्याला खोटी खबर मिळत होती.

मी विचारलं, "मग उस्तादांना का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "ते म्हणतील, तू शहाणा झालास का."

रविवारी गाडी घरी आणली. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे एक साधा अवरोध, रेझिस्टन्स. थंड असला की अवरोध जास्त, तापला की कमी. वीस अंशाला दोन-अडीच किलोओहम, ऐंशी अंशाला तीनशे ओहमच्या जवळपास. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर मागून आणला होता. वायरिंगचा नकाशा इंग्रजीत होता. तो मी वाचायचा, आणि तारेचा रंग त्यानं शोधायचा. 'पिवळ्यावर हिरवी रेघ' असं मी म्हणेपर्यंत त्याचा हात तिथे पोचलेला असायचा. सेन्सर तापलेल्या इंजिनवर मोजला, बरोबर. मग तोच अवरोध कॉम्प्युटरच्या टोकाकडून मोजला, तर हजारोंमध्ये. म्हणजे घोळ मधल्या वाटेत. त्यानं कपलर उघडला. आतली एक पिन हिरवी पडलेली, गंजलेली. तिच्यामुळे तार पूर्ण तुटली नव्हती, म्हणून कॉम्प्युटरला फॉल्ट दिसत नव्हता. फक्त अवरोध वाढला होता, आणि वाढलेला अवरोध म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत थंडी.

नवा कपलर आणि नव्या पिना बसवल्या. काळे प्लग बदलले. सगळा खर्च साडेसातशे रुपये. गाडी तेव्हापासून चालते आहे, अ‍ॅव्हरेज पुन्हा अठराच्या घरात.

गाडी चालू झाल्यावर त्या मुलानं मला एक प्रश्न विचारला. "सर, हे ओहम म्हणजे तेच ना, जे विज्ञानाच्या पुस्तकात होतं?" हो, तेच. ओहमचा नियम. जो पोरांनी पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि सोडून दिला. तो कशासाठी आहे हे आम्ही त्यांना दाखवलं नाही. हातात तार आणि मीटर देऊन दाखवलं असतं तर हा मुलगा मागच्या बाकावरून पुढे आला असता की नाही मला माहीत नाही. पण आम्ही दाखवलं नाही, हे माहीत आहे.

म्हणून म्हणतो, माझं भांडण कार्बुरेटरशी नाही. माझं भांडण 'हे आपल्याला समजत नाही, म्हणून ते नकोच' या सवयीशी आहे.

आपल्या मोहल्ल्यांमध्ये गॅरेजचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. उर्दूत दोन शब्द आहेत, हुनर आणि इल्म. हुनर हातात असतं, इल्म डोक्यात. आपण हुनरचं कौतुक करत आलो. "आमची पोरं शाळेत गेली नाहीत, पण इंजिन डोळे मिटून खोलतात" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत अभिमानानं बोललेलं ऐकलंय. मला त्याची धास्ती वाटते. डोळे मिटून खोलता येईल अशी इंजिनं संपत आली आहेत. आज रस्त्यावरची साधी मोटारसायकलसुद्धा इंजेक्शनवर आहे. भारत स्टेज-६ आल्यापासून दुचाकीतूनही कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. जो मुलगा आज सोळा वर्षांचा आहे आणि फक्त जेट फुंकायला शिकतोय, तो तिशीत काय दुरुस्त करणार? तेव्हा त्याला धुलाई आणि पंक्चर याच कामाला ठेवतील, आणि निदान करायला कॉलर घातलेला दुसरा कोणी येईल. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या कोर्सला दहावी लागते. आठवीतून गेलेल्याला ते दारही बंद. त्याची एकमेव शाळा म्हणजे उस्तादांचं गॅरेज. आणि त्या शाळेतला धडा जर 'समजलं नाही तर काढून फेक' हा असेल, तर माझ्या ढकलगाडीत आणि त्या गॅरेजमध्ये फरक काय राहिला?

गणित चुकलं म्हणून मी वेळापत्रकातून गणित काढून टाकलं तर पालक माझ्या दारात येतील. यायलाच पाहिजेत. गाडीच्या बाबतीत मात्र तेच पालक स्वतः जाऊन सांगतात, "काढून टाका".

यात गिऱ्हाइकाचा दोष मोठा आहे, आणि गिऱ्हाईक म्हणजे मी आणि तुम्ही. पार्टचे पैसे आपण देतो, घासाघीस करून का होईना. बिघाड शोधण्याचे पैसे आपण देतच नाही. उस्तादांनी दोन तास मीटर लावून गंजलेली पिन शोधली आणि पाचशे रुपये मागितले, तर आपण म्हणतो, "एका पिनचे पाचशे?" त्यापेक्षा बारा हजारांचं काम सांगितलं तर मुकाट्यानं देतो, कारण डोळ्यांसमोर नवा डबा दिसतो. मग उस्तादांनी शोधायचं कशाला? डोक्याची मजुरी द्यायला शिका. ती दिली तर गॅरेजवाला स्वतः मीटर विकत घेईल.

उस्तादांना माझी विनंती हात जोडून आहे. तुमच्या कानाची बरोबरी कुठलाही स्कॅनर करू शकत नाही. पण कान जे ऐकतो ते पोराला आकड्यातही वाचू द्या. त्याला विचित्र आकडा दिसला तर त्यानं तो सांगावा, आणि सांगितल्यावर त्याला शहाणा म्हटलं जावं, चिडवायला नव्हे, खरोखर. आम्ही मुलांना उर्दू आधी जेर-जबर लावून वाचायला शिकवतो. खुणा असताना वाचलं की पुढे खुणांशिवायही वाचता येतं. सेन्सरचे आकडे या तशाच खुणा आहेत. त्या वाचल्यानं कान बिघडत नाही.

आणि आम्हा शिक्षकांना. विज्ञानाचा तास चालू असताना शाळेच्या फाटकाबाहेर जी गॅरेजची रांग आहे ती आमच्या धड्यात कधीच आली नाही. ओहमचा नियम शिकवताना एक जुना सेन्सर, एक वाटी गरम पाणी आणि एक मीटर एवढंच लागतं. मी तो प्रयोग या जूनपासून सुरू केलाय. विज्ञानाचे सर आधी हसले, "उर्दू-मराठीचा माणूस इथे कशाला?" आता तेच भंगारवाल्याकडून सेन्सर आणतात.

रविवारी सकाळी माझ्या घरापुढे अब्बांची ८०० उभी असते आणि गॅरेजमधली पाच-सहा पोरं येतात. मी इंग्रजी नकाशातले शब्द वाचायला शिकवतो. ग्राउंड, सिग्नल, सप्लाय, रिटर्न. ते मला मीटर कसा धरायचा ते शिकवतात. एक मुलगा शब्द उर्दू लिपीत लिहून घेतो, दुसरा मराठीत. चूक झाली तर गाडी बंद पडते, एवढीच शिक्षा. नव्वदच्या दशकातल्या सुझुकीच्या अनेक गाड्यांत दोन टोकं जोडली की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकून बिघाडाचा आकडा सांगायचा. एकदा, मग दोनदा लुकलुकला की बारा, म्हणजे सगळं ठीक. हे त्यांना सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "म्हणजे गाडी आधीपासून बोलत होती, सर?" बोलत होती. आपण ऐकायला शिकलो नव्हतो.

मागच्या रविवारी उस्ताद आले. काही बोलले नाहीत, कडेला उभे राहून बघत होते. जाताना मला म्हणाले, "मास्तर, वो मीटर कितने का आता है?"

तुमच्या घरी अशी जुनी इंजेक्शनवाली गाडी असेल आणि कोणी तुम्हाला कार्बुरेटरचा सल्ला देत असेल, तर हो म्हणण्याआधी एकच गोष्ट विचारा. नेमकं काय बिघडलंय, ते मोजून दाखवा. मोजायचे पैसे द्या. आणि मोजणारा मुलगा आठवीतून शाळा सोडलेला असेल, तर त्याला नकाशातले चार शब्द वाचून दाखवा.